मत्स्यटाकीतले शेवाळ आणि ते खाणारे जीव : नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने माहिती

नवी मत्स्यटाकी मांडली की काही आठवड्यांतच काचेवर तपकिरी भुकटीसारखा थर धरू लागतो. पुढे हिरवे ठिपके उमटतात आणि वनस्पतींच्या पानांना कधी धागे, तर कधी काळे झुपके चिकटतात. अशा वेळी बहुतेकांना एकच सल्ला मिळतो, की शेवाळ खाणारा एखादा मासा किंवा चार गोगलगायी सोडा, टाकी आपोआप स्वच्छ राहील. मीही तेच केले होते. पहिल्या तीन गोगलगायी दोन आठवड्यांत मेल्या, विकत आणलेला मासा मोठा होऊन इतर माशांच्या अंगाला चिकटू लागला आणि शेवाळ होते तिथेच राहिले. कोणत्या शेवाळासाठी कोणता जीव, तो केव्हा सोडायचा आणि शेवाळ संपल्यावर त्याला काय खायला घालायचे, हे मला आधी कळले असते तर ते जीव वाचले असते. तुमच्या टाकीत तसे होऊ नये, म्हणून पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत. जिवांची खरेदी चौथ्या टप्प्याच्या आधी करू नये.

१. आधी शेवाळ ओळखा

काचेवरून बोट फिरवून पाहा. तपकिरी थर बोटाला लागून सहज निघाला, तर ते डायाटम, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शेवाळ आहेत. नव्या टाकीत ते जवळजवळ हमखास येतात आणि टाकी स्थिरावली की बहुधा आपोआप ओसरतात. केवळ त्यांच्यासाठी घाईने कोणताही जीव आणू नका. हिरवी भुकटीही अशीच पुसली जाते. मात्र काचेवर आणि अनुबियासारख्या सावकाश वाढणाऱ्या वनस्पतींच्या पानांवर घट्ट, गोल हिरवे ठिपके असतील आणि ते काढायला पाते लागत असेल, तर ते ठिपक्यांचे शेवाळ होय. लांब, मऊ, केसांसारखे धागे वेगळे. पानांच्या कडांवर, लाकडावर आणि फिल्टरच्या तोंडाशी येणारे अर्ध्या सेंटिमीटरचे राखाडी-काळे झुपके म्हणजे ‘ब्लॅक बिअर्ड’ शेवाळ. दिसायला काळे असले, तरी ते लाल शेवाळांच्या गटातले आहे. एक झुपका अल्कोहोलमध्ये बुडवला की तो तांबूस होतो आणि ओळख पक्की पटते.

दोन प्रकारांवर मात्र या लेखातल्या कोणत्याही प्राण्याचा उपयोग होत नाही. निळसर-हिरवा, बुळबुळीत, घाण वास येणारा आणि कापडासारखा सलग उचलला जाणारा थर हे शेवाळच नसते, तर सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू असतात आणि गोगलगायी त्यांना बगल देऊन पुढे जातात. तो थर नळीने शोषून काढावा लागतो आणि पाण्याचा प्रवाह सुधारावा लागतो. दुसरा प्रकार हिरव्या पाण्याचा. त्यातले शेवाळ एकपेशीय असून पाण्यात तरंगत असते, त्यामुळे काच खरवडणाऱ्या जिवाच्या तोंडी ते लागतच नाही. त्यासाठी तीन-चार दिवस टाकी पूर्ण झाकून अंधार करणे किंवा अतिनील दिव्याचा फिल्टर लावणे हाच मार्ग आहे.

२. शेवाळाला मिळणारा खुराक तोडा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. गोगलगाय शेवाळ खाते, पण त्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस टाकीबाहेर नेत नाही. भरपूर शेवाळ असलेल्या काचेवरून ती एक रात्र फिरली, की सकाळी तळाशी तिच्या विष्ठेचे बारीक, गडद तुकडे पसरलेले दिसतात. ते कुजतात, त्यांतली पोषकद्रव्ये पाण्यात परततात आणि त्यावर नवे शेवाळ वाढते. ही द्रव्ये टाकीतून खरोखर बाहेर पडतात ती मुख्यतः दोन वाटांनी : आपण बदललेल्या पाण्याबरोबर आणि छाटून टाकलेल्या वनस्पतींबरोबर.

म्हणून दिवा रोज ६ ते ८ तासच चालू ठेवा आणि त्यासाठी टायमर लावा, कारण हाताने दिवा लावणाऱ्याकडून वेळ हमखास वाढते. टाकीवर थेट ऊन येत असेल तर जागा बदला किंवा पडदा लावा. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य टाका. आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदला आणि त्याच वेळी तळाची घाण नळीने ओढून घ्या. झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती लावल्या, तर त्या शेवाळाच्या तोंडचे अन्न पळवतात. असलेले शेवाळ शक्य तेवढे हाताने काढा. लांब धागे जुन्या टूथब्रशवर गुंडाळून ओढले की झुबक्यानेच निघतात. तीन-चार आठवडे एवढे केल्यावर जे उरते, तेच प्राण्यांचे काम. पुष्कळदा या टप्प्यावरच टाकी इतकी सुधारते, की नवा जीव आणण्याची गरजच राहत नाही.

३. पाणी तपासा आणि साहित्य जमवा

टाकी नवी असेल, तर माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवत नाहीत, तोवर गोगलगाय किंवा कोळंबी आणणे म्हणजे तिला विषात सोडणे आहे. माझ्या पहिल्या तीन गोगलगायी याच कारणाने गेल्या.

पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, हाही तितकाच महत्त्वाचा. गोगलगायीचा शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. पाणी मृदू आणि आम्लधर्मी, म्हणजे पीएच ७ च्या खाली असेल, तर तो हळूहळू झिजतो. शंखाच्या टोकाशी पांढरे चट्टे आणि खड्डे दिसू लागले, की हे चालले आहे असे समजावे. फिल्टरमध्ये पोवळ्याचा चुरा किंवा टाकीत समुद्रफेनाचा तुकडा ठेवल्यास कॅल्शियम मिळत राहते.

तांब्याबाबत तर कोणतीही सवलत नाही. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरील काही औषधांत आणि बाजारात मिळणाऱ्या काही शेवाळनाशकांत तांबे असते. माशांना सोसणारी त्याची मात्रा गोगलगायी आणि कोळंब्यांना मारून टाकते. औषधाच्या बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय टाकीत थेंबही टाकू नका. मासा आजारी पडल्यास त्याच्यावर वेगळ्या भांड्यात उपचार करा.

जवळ असावे असे साहित्य :

- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि जडपणा मोजणारे टेस्ट किट
- थर्मामीटर, आणि पाणी थंड पडत असल्यास हीटर
- घट्ट बसणारे झाकण, कारण गोगलगायी टाकीबाहेर चढून जातात
- फिल्टरच्या तोंडाला लावायचा स्पंज, नाहीतर लहान कोळंब्या आत ओढल्या जातात
- एअर पंपाची बारीक नळी, बादली आणि मऊ जाळी
- क्लोरीन घालवणारे द्रावण
- नवे जीव दोन आठवडे वेगळे ठेवायला एक लहान टाकी

४. जीव निवडा

सुरुवात करणाऱ्याला एकच जीव सुचवायचा झाला, तर मी नेराइट गोगलगाय सुचवेन. ती साधारण दोन-अडीच सेंटिमीटरची असते आणि काचेवरचे घट्ट ठिपके खरवडून काढणाऱ्या मोजक्या जिवांपैकी एक आहे. तिची जीभ म्हणजे सूक्ष्म दातांच्या ओळींची कानसच. काचेच्या बाहेरून भिंग धरून पाहिले, तर तोंड उघडते, जीभ काचेवर घासली जाते आणि पुन्हा आत जाते, हे लयीत चाललेले दिसते. मागे राहिलेल्या वाटेवर नागमोडी, स्वच्छ पट्टे उठतात. ती वनस्पती खात नाही आणि गोड्या पाण्यात तिची संख्या वाढत नाही, कारण तिच्या अळ्यांना वाढायला खारट पाणी लागते. अंडी मात्र ती घालते. लाकडावर आणि दगडांवर तिळासारखे पांढरे, कडक ठिपके दिसतात आणि ते सहजी निघत नाहीत. ज्यांना ते खटकतील, त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. साधारण २० लिटरला एक एवढे प्रमाण पुरेसे आहे. जास्त सोडल्यास त्या उपाशी राहतात.

मिस्ट्री गोगलगाय दिसायला फार सुंदर असते, पण शेवाळासाठी ती घेऊ नये. तिचा खरा आहार उरलेले खाद्य आणि कुजकी पाने हा आहे. श्वासासाठी ती एक लांब नळी पाण्यावर काढते, म्हणून टाकीत वरती थोडी मोकळी हवा ठेवावी लागते. तिच्याच नावाखाली कधीकधी तिची मोठी नातलग, सोनेरी ॲपल गोगलगाय, विकली जाते आणि ती टाकीतल्या वनस्पती फस्त करते. ही जात १९८० च्या सुमारास खाद्य म्हणून दक्षिण अमेरिकेतून आशियात आणली गेली, शेतांत पसरली आणि भाताच्या कोवळ्या रोपांची मोठी नासाडी करू लागली.

रॅम्सहॉर्न आणि ब्लॅडर गोगलगायी बहुधा विकत घ्याव्या लागत नाहीत. नव्या वनस्पतींबरोबर त्यांची अंडी येतात. मऊ शेवाळ आणि सडकी पाने त्या चांगली खातात. त्यांची संख्या एकाएकी वाढली, तर त्यांना मारण्याआधी आपण खाद्य जास्त टाकतो आहोत का, ते पाहावे. ट्रम्पेट गोगलगाय दिवसा रेतीत पुरून राहते, रात्री बाहेर येते, थेट पिल्लांना जन्म देते आणि नराशिवायही तिचे पुनरुत्पादन होते. काचेवरच्या शेवाळासाठी तिचा उपयोग थोडा, पण रेती उकरून मोकळी ठेवण्याचे काम ती उत्तम करते. ट्रम्पेट गोगलगायी भरदिवसा एकदम काचेवर वर चढू लागल्या, तर पाण्यात प्राणवायू कमी पडला आहे किंवा पाणी बिघडले आहे, असे समजून ताबडतोब तपासणी करा. इतर गोगलगायींना खाणारी असासिन गोगलगाय संख्या आटोक्यात आणण्यासाठी विकली जाते. मात्र ती नेराइटवरही हल्ला करू शकते, म्हणून या दोघींना एकत्र ठेवू नका.

धाग्यांच्या शेवाळासाठी अमानो कोळंबीला तोड नाही. जपानी छायाचित्रकार आणि मत्स्यटाकी-रचनाकार ताकाशी अमानो यांनी १९८० च्या दशकात आपल्या वनस्पतींच्या टाक्यांत तिचा वापर सुरू केला आणि त्यांचेच नाव तिला पडले. ती ४ ते ५ सेंटिमीटरपर्यंत वाढते. पाच-सहा कोळंब्या एकत्र सोडल्या, की त्या पुढच्या इवल्या चिमट्यांनी धागा तोडतात, तोंडाशी नेतात आणि पुन्हा हात पुढे करतात. दिवसभर हे थांबत नाही. अट एकच, की वरून पडणारे खाद्य बेताचे असावे. माशांच्या खाद्याचे पापुद्रे (फ्लेक) भरपूर मिळत असतील, तर त्या शेवाळाकडे पाहतही नाहीत. चेरी कोळंबी लहान आणि रंगीत असून गोड्या पाण्यातच तिची पिल्ले वाढतात, पण ती मऊ थरापलीकडे फारसे काही खात नाही. दोघींचेही शत्रू तेच : एंजल, सिक्लिड, गोल्डफिश आणि ज्याच्या तोंडात कोळंबी मावते असा कोणताही मासा. लोच आणि पफर मासे गोगलगायीही सोडत नाहीत.

माशांपैकी ओटोसिंक्लस हा ४-५ सेंटिमीटरचा दक्षिण अमेरिकी मासा डायाटम आणि मऊ हिरवे शेवाळ फार निगुतीने खातो. तो सहाच्या गटात ठेवावा. विकायला येणारे बहुतेक ओटो नैसर्गिक पाण्यातून पकडलेले असतात आणि प्रवासात उपाशी राहून दुकानात पोहोचतात. पोट खपाटीला गेलेला मासा बहुधा वाचत नाही. किमान तीन महिने जुन्या, नैसर्गिक थर धरलेल्या टाकीतच तो सोडावा. नव्या टाकीला शेवाळ आले म्हणून ओटो आणणे ही मला सर्वांत वेदनादायक वाटणारी चूक आहे, कारण तो आठवडाभर सुंदर काम करतो आणि मग एकेक करून मरतो.

‘सकर फिश’ नावाने मिळणारे बोटाएवढे पिल्लू बहुतेक वेळा साधा प्लेको असतो आणि तो ३० सेंटिमीटरच्या पुढे वाढतो. मोठा झाल्यावर तो शेवाळ कमी खातो आणि घाण फार करतो. घरातल्या सामान्य टाकीत त्याला जागाच नाही. त्याच कुळातला ब्रिसलनोज प्लेको १२-१५ सेंटिमीटरवर थांबतो. १०० लिटरच्या पुढची टाकी आणि घासायला लाकडाचा तुकडा असेल, तर तो चांगला पर्याय आहे.

काळ्या झुपक्यांसाठी उपयोगी पडणारा मासा म्हणजे सायमीज अल्गी ईटर आणि फसवणूक सर्वांत जास्त याच्याच बाबतीत होते. अंगावर काळा पट्टा असलेले तीन-चार वेगळे मासे एकाच नावाने विकले जातात. खऱ्या सायमीजचा पट्टा शेपटीच्या परांच्या टोकापर्यंत जातो आणि त्याचे बाकीचे पर पारदर्शक असतात. फ्लाइंग फॉक्सच्या परांवर रंगीत कडा दिसतात. चायनीज अल्गी ईटरचे तोंड चूषकासारखे असते आणि तो काचेला चिकटून बसतो. वय वाढले की तो आक्रमक होतो आणि चपट्या, संथ माशांच्या अंगावरचा चिकट थर शोषू लागतो. माझ्याकडे आला होता तो हाच. सकाळी दिवा लावल्यावर एंजलच्या कुशीवर नाण्याएवढा सोललेला डाग दिसला, तेव्हा मला नावातला हा फरक कळला. खरा सायमीजही १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, तेव्हा लहान टाकीसाठी तो नाही.

खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी ट्रोकस, टर्बो आणि सेरिथ या गोगलगायी वापरतात. त्यांपैकी ट्रोकस उलटी पडली तरी स्वतः सरळ होते, हा तिचा मोठा गुण.

५. विकत घेताना पाहा

गोगलगाय काचेला चिकटलेली किंवा चालती असावी. तळाशी पडलेली घेऊ नका. ओटोचे पोट गोलसर असावे. ज्या टाकीत एखादा जीव मरून पडला आहे, तिथून काहीही घेऊ नका. विक्रेत्याला त्याच्या पाण्याचा पीएच विचारा आणि शास्त्रीय नाव मागा. नाव सांगता येत नसेल, तर वरच्या खुणा स्वतः पडताळा.

६. टाकीत सोडताना घाई नको

कोळंबी आणि गोगलगाय पाण्यातल्या फरकाला माशांपेक्षा जास्त हळव्या असतात. पिशवीतले पाणी जिवांसह भांड्यात घ्या, एअर पंपाच्या नळीला सैलसर गाठ मारा आणि टाकीतले पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब अशा गतीने त्यात पडू द्या. भांड्यातले पाणी दुप्पट व्हायला सुमारे तासभर लागावा. नंतर जीव जाळीने उचलून सोडा. पिशवीचे पाणी टाकीत ओतू नका. हे सारे आधी वेगळ्या लहान टाकीसाठी करा आणि दोन आठवडे निरीक्षण केल्यावर मुख्य टाकीसाठी पुन्हा करा.

सोडताना दिवा बंद ठेवा. गोगलगाय पाय खाली येईल अशी ठेवा. नेराइट उलटी पडली, तर पुष्कळदा तिला सरळ होता येत नाही आणि ती तशीच मरते. पहिले एक-दोन दिवस ती शंखात मिटून बसली, तरी घाबरू नका. शंका आली, तर तिला उचलून वास घ्या. मेलेल्या गोगलगायीचा वास इतका तीव्र असतो, की चूक होत नाही. शंखाच्या तोंडावरचे झाकणही सैल पडलेले असते. तिला लगेच बाहेर काढा, कारण लहान टाकीत एक कुजलेली गोगलगायही अमोनिया वाढवते. कोळंबीचे पारदर्शक, रिकामे आवरण दिसले, तर ती मेली असे समजू नका. तिने कात टाकलेली असते. ती कात तिथेच राहू द्या, कारण कोळंब्या ती खाऊन खनिजे परत मिळवतात.

७. शेवाळ संपल्यावर त्यांना खायला घाला

काच स्वच्छ झाली, की बहुतेक लोक त्या जिवांना विसरतात आणि दोन महिन्यांनी ते भुकेने मरतात. आठवड्यातून दोन-तीनदा, दिवा बंद केल्यानंतर, शेवाळाची वडी टाका. काकडीची चकती किंवा पालकाचे पान मिनिटभर उकळत्या पाण्यात धरून, थंड करून, वजन बांधून तळाशी ठेवा आणि उरलेले २४ तासांच्या आत काढून घ्या.

मी आणखी एक गोष्ट करते. काचेच्या बरणीत टाकीचे बदललेले पाणी भरून त्यात सात-आठ चपटे, गुळगुळीत दगड ठेवते आणि बरणी उन्हाच्या खिडकीत मांडते. दोन-तीन आठवड्यांत दगडांवर हिरवी साय धरते. मग आठवड्याला दोन दगड टाकीत आणि आतले साफ झालेले दोन दगड बरणीत. ओटोंना वडी खायची सवय लागायला वेळ लागतो. त्या काळात या दगडांनीच ते जगतात.

मागचा काचेचा भाग न घासता तसाच ठेवला, तरी त्यांना चरायला कायमचे कुरण मिळते. समोरून तो फारसा दिसतही नाही.

८. संख्या वाढली तर

रॅम्सहॉर्न किंवा ब्लॅडर जास्त झाल्या, तर रात्री तळाशी काकडीची चकती ठेवा आणि सकाळी तिच्यावर जमलेल्या गोगलगायींसकट ती उचलून घ्या. मिस्ट्रीची गुलाबी अंडी पाण्याच्या वर, काचेवर किंवा झाकणाखाली घोसाने चिकटलेली असतात. नको असल्यास ती हाताने काढून टाका. जास्तीचे जीव टाकी बाळगणाऱ्या दुसऱ्या कोणाला द्या.

नदी, तळे किंवा विहिरीत मात्र यांपैकी काहीही सोडू नका. टाकीतून सुटलेले प्लेको अनेक देशांच्या नद्यांत पसरले आहेत. ते काठात बिळे करतात आणि मूळच्या माशांची जागा घेतात. छाटलेल्या वनस्पतींवर सहज न दिसणारी अंडी असू शकतात, म्हणून त्या नाल्यात न टाकता उन्हात पूर्ण वाळवून कचऱ्यात टाका. बदललेले पाणी कुंड्यांना घाला; झाडांना ते मानवते आणि त्यातून एखादी गोगलगाय गेलीच, तरी ती ओढ्यापर्यंत पोहोचत नाही.